अठ्ठावन्न किलोंचं पोतं

३ ऑगस्ट, रविवार

डेपोत गाडी कामाला आली की आधी तिच्या कागदावर तीन ओळी लिहायच्या: तक्रार, कारण, उपाय. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी हेच लिहीत आलो. निरोप समारंभात मिळालेली ही डायरी तेव्हापासून कोरी पडली होती. गेल्या वर्षीची आहे, म्हणून वार खोडून लिहितो आहे. पहिल्या पानावर काय लिहावं याचा फार विचार केला नाही.

तक्रार: मोपेड दोन माणसांना घेऊन सेमिनरी हिल्सचा चढ चढत नाही.
कारण: इंजिनात ताकद कमी.
उपाय: ताकद वाढवणे.

तक्रार बत्तीस वर्षं जुनी आहे. त्र्याण्णव साली घेतलेली ही मोपेड, पन्नास सीसीची, एका सिलिंडरची. माझ्या सुट्टीच्या दिवशी माया आणि मी आमच्या इंदोऱ्याहून फुटाळा तलावावर जायचो आणि तिथून वर. चढाच्या सुरुवातीला एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, आहे. तिथे गाडी रडायला लागली की माया माझ्या खांद्यावर दोनदा थोपटायची, उतरायची आणि पायी निघायची. मी पेडल मारत एकटा वर. बाजूने स्कूटरवाले बायकांना मागे बसवून फुर्रकन निघून जायचे. मला तेव्हा कुठेतरी तोंड लपवावंसं वाटे, आणि तिला ते कधी सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी हर्षाचा, म्हणजे आमच्या नातीचा, जन्म झाला आणि माया पुण्याला आमच्या मुलाकडे, प्रशिककडे गेली. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, ती तिथेच राहिली. जायच्या आदल्या दिवशी मी मोपेड भंगारवाल्याला द्यायला काढली, तर म्हणाली, "राहू द्या तिले. तिनं मले कधी वर नेलं नाही, आठवते?" एवढंच बोलली आणि बॅग भरायला आत गेली. ते वाक्य तेव्हापासून मनात अडकलं आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती दरवर्षी येते. यंदा तो दोन ऑक्टोबरला आहे. त्यानंतर तिला मागे बसवून, एकदाही न उतरवता, वर नेणार. आणि वर पोचल्यावर सांगणार की आता इथेच राहा. प्रशिकची जुनी स्कूटर घरात पडली आहे, तिच्यावर तीन माणसंही वर जातील. पण माया स्कूटरबद्दल बोलली नव्हती.

६ ऑगस्ट, बुधवार

मायाचा फोन. ती फोन स्पीकरवर टाकून भांडी घासते, त्यामुळे तिच्यापेक्षा नळच जास्त ऐकू येतो.

"काय करून राहिले?"

"इंजिन उघडलं. हेड काढलं, ब्लॉकही काढला. सायलेन्सरमध्ये बोटभर कार्बन निघाला."

"जेवले का?"

"हो."

"इथं घरासमोरच चढ हाये," ती म्हणाली. "भाजी घेऊन येताना दम लागते."

मी म्हटलं, प्रशिकला सांग, भाजी घरी मागवत जा. गुडघ्याला पट्टा बांध.  मग म्हणाली की बाल्कनीत लय जागा आहे, तुमचे सगळे पाने तिथं मावतील. माझे पाने पुण्याच्या बाल्कनीत कशाला? प्रशिकला पाना कोणत्या बाजूने धरतात तेही ठाऊक नाही. बायकांना फोनवर बोलायला विषय लागतो.

१० ऑगस्ट, रविवार

जरीपटक्याला ताराचंदच्या लेथवर गेलो. आम्ही आयटीआयला एका बाकावर होतो. मी एसटीत गेलो, त्याने लेथ टाकली, आणि तेव्हापासून आपणच खरा कारागीर असं तो धरून चालतो. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे घासून अर्धा मिलिमीटर कमी कर, दाब वाढू दे.

"कायले पाहिजे तुले एवढी ताकद? या वयात रेस लावतं का गा?"

सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मागच्या चाकाची चेनची चकरी बदल. चार दात जास्तीची टाक. गाडी हळू जाईन, पण चढ चढन. अर्ध्या घंट्याचं काम हाये."

मी नाही म्हटलं. चकरी बदलणं म्हणजे ताकद वाढवणं नव्हे, ती तडजोड झाली. तशी तडजोड करायची तर मायाला पुलियावर उतरवण्यात काय वाईट होतं? मी बसची सहा सिलिंडरची इंजिनं उभी केली आहेत. हे तर एकच सिलिंडर, पेल्याएवढं.

ताराचंद म्हणाला, "तू डिझेलचा माणूस हायेस, रुपराव. हे टू-स्ट्रोक हाये. संभाळून." मी लक्ष दिलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काम करण्याआधी मूळ स्थिती नोंदवायची, हा नियम. म्हणून हेड न घासताच परत आणलं आणि इंजिन तात्पुरतं जोडून चढावर चाचणी घेतली. पण मागे वजन हवं. कपाटात मायाच्या जुन्या पाकिटात स्टेशनवरच्या वजनकाट्याचं तिकीट सापडलं, सत्त्याण्णव सालचं. अठ्ठावन्न किलो. मागे भविष्य छापलं आहे की तुम्हाला लवकरच प्रवास घडेल.

एका पोत्यात गिट्टी भरली, किराणावाल्याच्या काट्यावर बरोबर अठ्ठावन्न केली आणि मागच्या सीटवर दोरीने बांधली. निघताना शेजारच्या इंदूबाईंनी विचारलं, "भाऊ, पोत्याले कुठं फिरवून राहिले?"

"फुटाळ्यावर," मी म्हटलं. खोटं तर नव्हतं.

निकाल: पुलियापाशी गाडी रडली, पंधरा मीटरवर बंद. अगदी जुन्या जागेवर.

येताना एक गोष्ट झाली. एका गतिरोधकावर मी गाडी अगदी हळू केली, पोत्याला धक्का बसू नये म्हणून. मग माझंच मला हसू आलं. घरी येऊन भात लावला तर नेहमीसारखा दोन माणसांचा झाला. एका माणसाचा भात मला चार वर्षांत जमलेला नाही, पाण्याचं माप चुकतं. हे घर काही मोठं नाही, पण ती नसली की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला उगाच वेळ लागतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारीकडचे रस्ते बंद. पिस्टनच्या रिंगा आणायच्या होत्या, राहिल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मायाचा फोन. प्रशिकने तिच्या खोलीत दोन खाटा घेतल्या म्हणे. एका माणसाला दोन खाटा कशाला? तिला विचारलं तर म्हणाली, "असू द्या, एक राहीन रिकामी." मग विचारलं, "तुमचं इंजिन कुठवर आलं?" मी पंधरा मिनिटं सांगितलं. तिने नळ बंद करून ऐकलं. बरं वाटलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो, त्या संध्याकाळीही तिने फोनवर असंच ऐकलं होतं. सत्कार, शाल, भाषणं, सगळं. शेवटी म्हणाली, "आता?" मी म्हटलं, आता काय, आता आराम. तेव्हाही नळ बंद होता.

३१ ऑगस्ट, रविवार

आज मुख्य काम केलं. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकमध्ये खिडक्या असतात, एकीतून ताजं मिश्रण आत येतं, दुसरीतून धूर बाहेर जातो. पोर्ट म्हणतात त्यांना. आत जास्त आलं आणि बाहेर लवकर गेलं की ताकद वाढणार, हा साधा हिशेब. गोल कानस घेतली आणि ओसरीत बसून दोन्ही खिडक्या मोठ्या केल्या. धुराची खिडकी वरच्या बाजूला दोन मिलिमीटर उचलली. सहा तास लागले. बोटांना लोखंडाची भुकटी आणि तोच जुना वास. डेपो सुटल्यापासून पहिल्यांदा कंबर दुखली आणि त्याचा आनंद झाला.

पेट्रोल जास्त जावं म्हणून कार्बोरेटरचा जेटही मोठा टाकला.

७ सप्टेंबर, रविवार

चालू झाली. आवाज असा की इंदूबाई चष्मा लावून बाहेर आल्या. कामठी रोडवर पोत्यासकट पंचावन्नचा वेग, पूर्वी चाळीसला हाडं खिळखिळी व्हायची. एका स्कूटरवाल्याला मागे टाकलं. वळून पाहिलं, तर तो कॉलेजचा पोरगा माझ्याकडे नाही, पोत्याकडे पाहत होता.

मायाला लगेच फोन केला. म्हटलं, यंदा बघशीलच. ती म्हणाली, "काय पाहाचं हाये?" मी सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहायची इच्छा नाही, पण नोंद ही नोंद.

चढावर चाचणी. पोतं मागे, अठ्ठावन्न किलो. गाडी पुलियापर्यंतही पोचली नाही. सपाटीवर उडणारी गाडी चढ लागताच वेग गमावते, आणि वेग गेला की तिच्यात काहीच उरत नाही. पूर्वी पुलियानंतर पंधरा मीटर जायची, आता पुलियाच्या तीस मीटर अलीकडे मेली. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पोतं एका बाजूला घसरलं आणि मी ते रस्त्याच्या कडेला धरून उभा राहिलो. वरून एक जोडपं पायी येत होतं. त्यांनी विचारलं, काका, मदत पाहिजे का?

१५ सप्टेंबर, सोमवार

ताराचंदने ब्लॉक उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. 

"दार मोठं केलंस," तो म्हणाला. "जोरात पळताना ठीक हाये. पण हळू चालताना आतलं ताजं मिश्रण जळाच्या आधीच बाहेर पळून जाते. चढावर गाडी हळूच चालते ना गा? तिथं जोर पाहिजे, वेग नाही. तू हिले पळाले शिकवलं, चढाले नाही."

"परत लहान करता येईल?"

"घासलेलं लोखंड कुठून आणू?"

एसटीत नवा मुलगा असं काही करून आला असता तर मी त्याला दिवसभर पाने पुसायला लावले असते. ताराचंदने मात्र चहा मागवला. मग विचारलं, "वहिनी कवा येऊन राहिली?" मी म्हटलं, पंधरा दिवसांत. तो म्हणाला, "भंगारातून जुना ब्लॉक शोध. खिडक्याले हात लावू नको. बाकी माझ्यावर सोड."

२० सप्टेंबर, शनिवार

मायाचा फोन. तीस तारखेला येते आहे, चार ऑक्टोबरला परत. परतीचं तिकीट काढूनही झालं.

"रिटर्न एवढ्या लवकर काढलं?" मी विचारलं.

"तुम्ही काही बोललेच नाही, तं काढलं."

मी काय बोलायला हवं होतं? जे बोलायचं ते वर बोलणार आहे. फोनवर ते नीट होणार नाही. ते वाक्य मी रोज आंघोळ करताना म्हणून पाहतो: माया, आता इथेच राहा. कधी फार हुकूम दिल्यासारखं वाटतं, कधी भीक मागितल्यासारखं.

२७ सप्टेंबर, शनिवार

शेवटी ताराचंदनेच भंगारातून शोधून पाठवलेला जुना ब्लॉक, खिडक्या कंपनीच्या आहेत तशाच. हेड अर्धा मिलिमीटर घासलेलं. सायलेन्सर आतून चकाचक. आणि मागची चकरी, चार दात जास्तीची. लावताना ताराचंद शेजारी उभा होता आणि तडजोड हा शब्द त्याने तोंडातून काढला नाही, हे त्याचे उपकार.

दोघं मिळून फुटाळ्यावर गेलो, तो त्याच्या स्कूटरवर मागून. पुलिया आली. गाडीने दम धरला, आवाज खाली गेला, आणि ती चालतच राहिली. माणूस पायी चालतो त्याच्या दुप्पट वेगाने, त्याहून जास्त नाही, पण एकदाही न थांबता. पेडलला पाय लावला नाही. अठ्ठावन्न किलो वर पोचले.

ताराचंदने पोत्यावर दोनदा थोपटलं. "उतरा वहिनी," म्हणाला. मायाच्या त्या दोनदा थोपटण्याबद्दल मात्र मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मला दुसरीकडे तोंड फिरवावं लागलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

माया आली. स्टेशनवर गाडीच्या डब्यातून उतरली तेव्हा आधी ओळखलंच नाही, एवढी वाळली होती. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, माणूस दिसत नाही. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मी विचारलं, बरी आहेस ना? "नातीमागं धावून पाहा एक दिवस," म्हणाली. तपासण्या सगळ्या झाल्या, सगळं नॉर्मल आहे, असंही मीच विचारल्यावर सांगितलं.

घरात शिरली आणि सरळ स्वयंपाकघरात. भाताचं पातेलं उघडून पाहिलं. "कोणी येणार होतं का जेवाले?" मी नाही म्हटलं. ती पातेल्याकडे पाहत उभी राहिली, मग झाकण ठेवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून दीक्षाभूमीवर. गर्दी दरवर्षीचीच, पण यंदा तिचा हात धरून चाललो, हरवू नये म्हणून. ती म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा." मी म्हटलं, गर्दी वाढली ना. पुस्तकांच्या स्टॉलवरून हर्षासाठी चित्रांचं पुस्तक घेतलं.

उद्या चढ.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हे नीट लिहायचं आहे, जसं झालं तसं.

संध्याकाळी साडेपाचला निघालो. ओसरीत मोपेड पाहून ती हसली, पदर खोचला आणि एका बाजूने बसली. मागचे स्प्रिंग पोत्याएवढे दबलेच नाहीत. मला हँडलमध्ये कळलं.  पुलिया आली आणि माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं.

"गरज नाही," मी म्हटलं. "बस तू. चढते ही आता."

पुन्हा थोपटलं. मी थांबलो नाही. गाडी अशी चालली की चाचणीतही चालली नव्हती. आवाज एकसारखा, धूर नाही. बाजूने झाडं सरकत होती आणि मी मनात ते वाक्य म्हणत होतो. वर पोचलो, स्टँड लावला आणि वळून पाहिलं. मला वाटलं होतं ती हसत असेल. तिचा चेहरा पडला होता.

"काय झालं?"

"खाली चला," ती म्हणाली.

"आत्ता तर आलो."

"चला म्हटलं ना."

खाली आलो. पुलियापाशी ती उतरली, चपला नीट केल्या आणि म्हणाली, "आता तुम्ही जा वर. उभे राहा. मी येते."

मी एकटा वर गेलो. इंजिन बंद केलं आणि कठड्याला टेकून उभा राहिलो, जसा त्र्याण्णव साली राहायचो. वळणावर आधी तिचं डोकं दिसलं, मग निळी साडी. मध्ये एकदा थांबली, कंबरेवर हात ठेवला, वर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागली. मी घड्याळ पाहिलं होतं, नऊ मिनिटं लागली. त्या नऊ मिनिटांत मी दुसरीकडे पाहिलं नाही. मग आठवलं की तेव्हाही दुसरीकडे पाहायचो नाही. लाजेने मान खाली घालावी असं वाटायचं, पण नजर तिच्यावरच असायची. रस्त्यावर गाड्या असायच्या, ती एकटी असायची.

ती आली, माझ्या शेजारी टेकली आणि दम घेतला.

"तुम्ही सकाळी डेपोत, संध्याकाळी पान्यात," ती म्हणाली. "घरी असले तरी गाडीखालीच. आठवड्यात एवढाच वेळ होता, तुम्ही काही न करता माझी वाट पाहत होते. मी मुद्दाम हळू चालत होती."

मी म्हटलं, "तू म्हणाली होतीस, तिनं मला कधी वर नेलं नाही."

"हाव. म्हणून तं विकू नका म्हटलं."

 पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं, पण आता ते चुकीच्या गाडीचा सुटा भाग असल्यासारखं वाटलं. ती समोर पाहत होती. मग म्हणाली, "आता चार वर्षं झाले, मी वर उभी हाये. तुम्ही येऊनच नाही राहिले."

दोन खाटा. बाल्कनी. माझे पाने. 'आता?' सगळं एकदम कळलं, आणि एवढं सरळ की ताराचंदनेही चहा न मागवता सांगितलं असतं.

उतरताना गाडी हातात धरून चाललो. ती शेजारी.

४ ऑक्टोबर, शनिवार

तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. गाडी सुटताना मी खिडकीबरोबर चाललो. चालता चालता विचारलं, "हर्षाला मोपेड आवडेल का?" तिने खिडकीच्या दांड्यावरच्या माझ्या बोटांवर दोनदा थोपटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोपेड रेल्वेने पुण्याला पाठवायची. पार्सल ऑफिसचे नियम: टाकीत पेट्रोलचा थेंब नको, कागदपत्रांची प्रत जोडावी, गाडी गवत आणि पोत्यात पूर्ण गुंडाळलेली असावी. टाकी रिकामी केली. पॅकिंगवाल्याकडे गोणपाट कमी पडलं, तेव्हा घरी आलो, गिट्टी अंगणात ओतली आणि तेच पोतं नेलं. ते मागच्या सीटवर बसलं. घराची एक किल्ली इंदूबाईंना दिली, दुसरी ताराचंदला. तो म्हणाला, "तिकडं लेथ नसन तुझ्याजवळ, कोणाशी भांडशीन?" मग म्हणाला की चकरीचे नट महिन्याने एकदा आवळजो.

पाने बाल्कनीत मावतील तेवढेच घेतले. बाकी इथेच. माझं तिकीट परवाचं आहे, जायचं फक्त. परतीचं काढलं नाही.

पार्सलची पावती हातात घेऊन प्लॅटफॉर्मवरूनच मायाला फोन केला. नळ चालू होता.

"तो घरासमोरचा चढ," मी विचारलं, "केवढा आहे?"

नळ बंद झाला.

"मले उतरा लागन," ती म्हणाली, "एवढा हाये."